खालून कापलेली तीन वाक्यं

बाय, तुझ्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. ती महेशने लिहिली. आमच्या जिल्हा आवृत्तीत निधनवार्तांचा कॉलम तोच लावतो आणि त्याचा साचा ठरलेला आहे. नाव, वय, गाव, कशाने गेले, मागे कोण. पान छपाईला सोडण्याआधी त्याने ते माझ्या मोबाइलवर पाठवलं. मी तेव्हा तुझ्या पडवीत बसले होते. त्यात 'अल्पशा आजाराने' असं होतं. ते साच्यातलंच आहे, कोणालाही लागतं. मी त्याला 'अल्पशा' काढून 'दीर्घ' करायला सांगितलं. त्या दिवशी तुझ्यासाठी मी केलेलं काम एवढंच.

दीर्घ म्हणजे किती, हे मला नेमकं ठाऊक आहे. सहा वर्षं आणि काही आठवडे. तो आजार कुठून मोजायचा, यावर मात्र आपलं कधी एकमत झालं नाही. तू तापापासून मोजायचीस. मी गोव्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या दिवसापासून. तुझं मोजणं बरोबर होतं असं आज लिहिते आहे, आणि तेव्हा मी ते का मान्य केलं नाही हेही.

तू माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. मी कुडाळला पेपरच्या कार्यालयात, तू तारकर्लीच्या वाटेवरच्या वाडीत, खाज्याच्या भट्टीसमोर. बेसनाच्या कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. पाक आळायच्या आत हात चालले पाहिजेत, नाहीतर सगळ्याची एक ढेप होते. तुझे हात चालायचे. कार्तिकापासून तू आणि भावोजी टेंपोत माल भरून गावोगावच्या जत्रांत दुकान लावायचात, आणि खाजं बांधायला माझ्याच पेपरची रद्दी लागायची.

"काल तुझी बातमी पाव किलो गेली गो," तू फोनवर सांगायचीस. "परवाची खुनाची होती, ती अर्धो किलो गेली. लोकांक खूनच व्हयो."

"तेल तरी बरा शोषता मा आमचो पेपर?"

"तेवढाच करता."

हे आपलं बोलणं. यापेक्षा गंभीर बोलण्याची आपल्याला सवय नव्हती. पुढे गरज पडली तेव्हा ते जमलं नाही, त्याचं एक कारण हेही असेल.

त्या वर्षी दसऱ्यानंतर वाडीत डासांचा ताप आला. चिकुनगुन्या. जवळजवळ प्रत्येक घरात एक-दोन माणसं आडवी होती. भावोजी आठ दिवसांत उठले. तू बाराव्या दिवशी भिंतीला धरून उठलीस. बातमी मीच केली. ओरोसला एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी वीसेक मिनिटं नीट समजावून सांगितलं. ताप कसा येतो, पाणी साठू देऊ नका, दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मी वही मिटत होते तेव्हा ते म्हणाले, "थांबा, हे पण लिहा." आणि त्यांनी तीन वाक्यं सांगितली. पहिल्या दोनांचा अर्थ असा होता की ताप जाऊन दोन महिने झाले तरी सांधे सुजलेले राहिले तर रक्त तपासून घ्यावं, कारण विषाणू गेल्यावरही काही जणांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. तिसरं वाक्य मला भरतीचं वाटलं. तरी लिहून घेतलं.

त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला.

"माझी एक जायरात लाव गो पेपरात. जत्रो सुरू होतंत."

"केदी मोठी?"

"तुझ्या बातमीपेक्षा मोठी नको. तुका राग येतलो."

जाहिरात विभागातल्या मुलीला सांगून मी ती घेतली. दोन कॉलम, सहा सेंटिमीटर. 'अस्सल मालवणी खाजं, घाऊक व किरकोळ', खाली तुझं नाव आणि फोन नंबर. संध्याकाळी महेश पान लावत होता. मालवणच्या पानावर माझी तापाची बातमी आणि तिच्या खाली तुझी जाहिरात.

"ताई, बसत नाही," तो म्हणाला. "जाहिरात उद्या टाकू?"

दुसऱ्या दिवसापासून जत्रा होत्या. मी म्हटलं, "खालून काप."

बातमी लिहिण्याची आमची एक रीत आहे. महत्त्वाचं वर, मग त्याहून कमी महत्त्वाचं, आणि तळाला जे नसलं तरी चालेल ते. म्हणून जागा कमी पडली की खालून कापायचं. कापणाऱ्याला वाचावंही लागत नाही. पण मी वाचलं होतं. पडद्यावर ती तीन वाक्यं माझ्यासमोर होती, आणि ती वाचून मी 'काप' म्हटलं. हे नोंदवणं आवश्यक आहे. पुढची सहा वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की घाईत न वाचता गेलं. तसं झालं नव्हतं.

मग छापलेल्या बातमीचं शेवटचं वाक्य हे झालं: 'ही सांधेदुखी बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप कमी होते, त्यामुळे घाबरून जाऊ नये, असे त्यांनी सांगितले.' वाक्य खरं होतं. वाडीतल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालंही.

तू त्या पानाचा तेवढा तुकडा कापलास. वर बातमी, तिच्याखाली माझं नाव, त्याच्याखाली तुझी जाहिरात. मालवणच्या झेरॉक्सवाल्याकडून तो लॅमिनेट करून घेतलास आणि दुकानाच्या बांबूला टांगलास. प्रत्येक जत्रेत.

माघात मी घरी आले तेव्हा तू कढई उचलत होतीस. कढईचे कान मुठीत धरून नव्हे, दोन्ही मनगटं कानांखाली घालून. बोटं सरळ होती आणि सांधे फुगलेले. मी विचारलं, तू म्हणालीस, "सकाळी मूठ वळणा नाय. धा वाजले काय वळता." मी मनात हिशेब केला. ताप जाऊन तीन महिने होत आले होते. ओरोसच्या डॉक्टरांचं वाक्य मला शब्दशः आठवलं.

"दाखव गो कोणाक तरी," मी म्हटलं.

तू हनुवटीने भिंतीकडे खूण केलीस. जत्रा संपल्या होत्या, तुकडा घरात खिळ्याला होता. "तुझ्याच पेपरान लिवल्यान हा मा, आपसूक जाता म्हणान? काय ता खोटा?"

त्या क्षणी सांगायचं होतं की खाली अजून तीन वाक्यं होती. मग तू विचारलं असतंस, खंय गेली? आणि मला तुझ्या नावाकडे बोट दाखवावं लागलं असतं. मी म्हटलं, "खोटा नाय, पण दाखव." आणि तू पुढ्यात ठेवलेला चहा प्यायले. तू दाखवलं नाहीस. लिहिणारी बहीण समोर बसून चहा पीत होती, मग घाई कसली?

अजून एक जत्रांचा हंगाम गेला. त्यात तू पाक घोळवायला सायलीला बसवलंस, तुझ्या लेकीला, आणि तिच्या ढेपा होतात म्हणून तिला ओरडत राहिलीस. मग एक दिवस तुला पोलक्याची बटणं लावता येईनात, तेव्हा आपण गोव्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. संधिवाताचा तो प्रकार, ज्यात शरीराचं संरक्षण करणारी व्यवस्था शरीरालाच शत्रू समजते. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" तू म्हणालीस, दीड वर्ष. त्यांनी फाइल मिटली. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं," म्हणाले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बघण्याचं तुला काही कारणच नव्हतं. ते मला जास्त जड गेलं.

परतताना बांद्याला टेंपो थांबवून आपण तिघं चहा पीत होतो. तू चहा संपवलास. मग म्हणालीस, "म्हणजे घरचो कुत्रो घरच्यांकच चावता."

भावोजी हसले. "बरोबर सांगलंस."

"पण कुत्रो आपसूक चावणा नाय. कोणीतरी डिवचल्यान आसतला मा तेका?" तू माझ्याकडे वळलीस. "त्या तापानच डिवचल्यान मा गो? तू वाचतंस सगळा. सांग."

तू मालवणीत विचारलंस. मी प्रमाण मराठीत उत्तर दिलं. आपल्या दोघींत मी त्या भाषेत कधी बोलत नाही. म्हटलं, विषाणूंचा संसर्ग आणि अशा आजारांचा संबंध असण्याची शक्यता संशोधक वर्तवतात, परंतु तुझ्या बाबतीत तेच कारण आहे असं खात्रीने म्हणता येत नाही.

"ही बातमी झाली," तू म्हणालीस. "माका उत्तर व्हया."

"सिद्ध झालेलं नाही, बाय."

उत्तर चुकीचं नव्हतं. मी तेव्हाही वाचलं होतं, नंतर अधिक वाचलं. काही विषाणूंवर संशय दाट आहे, काहींवर कमी. विषाणूचा एखादा भाग आपल्या शरीराच्या एखाद्या भागासारखा दिसतो आणि पहारा करणारे दोघांत गल्लत करतात, असा एक अंदाज आहे. एकदा पेटलेली लढाई शत्रू गेल्यावरही विझत नाही, असा दुसरा. किंवा आजार आधीच आत कुठेतरी सुरू झालेला असतो आणि ताप त्याला फक्त वर आणतो. एकाच डबक्यातल्या डासांनी तुझा आणि भावोजींचा चावा घेतला, भावोजी आठ दिवसांत उठले आणि तू उठली नाहीस, हे यातल्या एकाही अंदाजाने पुरतं सुटत नाही. एवढं सगळं खरं आहे. पण मी 'सिद्ध झालेलं नाही' म्हटलं ते या अभ्यासामुळे नव्हे. तापाने झालं असं मान्य केलं असतं, तर पुढचा प्रश्न ताप आल्यावर पेपरने काय सांगितलं हा होता.

तू तो प्रश्न का विचारतेस, हे मला कळायला वर्ष लागलं. भावोजींनी गावात देवळात कौल लावला होता, पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. देवाने सांगितलं, बाहेरचं काही नाही, कोणाची करणी नाही. भावोजींना हायसं वाटलं. तुला वाटलं नाही. त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता, म्हणजे बोटं चालत नव्हती म्हणून तळहाताने सूप हलवता हलवता, तू म्हणालीस, "देव म्हणता बाहेरचा नाय. डॉक्टर म्हणता आतलाच. म्हणजे माझाच काय ता चुकला."

"काय चुकतला तुझा?"

"आंगातलो ताप पुरो जावक नाय होतो तरी भट्टीकडे बसलंय. जायरात वाचून लोकांचे फोन येयत होते, बसाकच व्हया होता. नायतर आवशीचा मी केलंय नाय, ता आसात. माझ्याच आंगान माका खाल्ल्यान, ता उगीच?"

आईच्या शेवटच्या आजारपणात तू तीन महिने तिच्याजवळ होतीस आणि मी आठ दिवस. ते तरी त्या वेळी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "असा काय नसता गो." तू सूप खाली ठेवलंस.

"मगे सांग, तापान झाला. एकदाच व्हय म्हण. देवसुद्धा उजवो नायतर डावो कौल देता. तुझ्यासारखो मधलो कौल खंयच्याच देवाचो नाय."

मी हसले. तूही हसलीस, कारण टोमणा चांगला बसला होता. उत्तर राहून गेलं.

नंतरची वर्षं मी इथे मांडत नाही. आठवड्याची गोळी, दर दोन महिन्यांनी रक्त. मधली दोन वर्षं बरी गेली. त्यात एका जत्रेत तू स्वतः पाक घोळवलास आणि मला फोन करून ऐकवलंस, "ऐक, कढईचो आवाज ऐक." मग खोकला. आजार फुप्फुसात उतरला होता. या आजारात तसंही होतं, हे आम्हांला तेव्हा कळलं. लवकर उपचार झाले असते तर फुप्फुसं वाचली असती का, असं मी डॉक्टरांना तुला न कळू देता विचारलं. त्यांनी सांगितलं, "सांगता येत नाही." माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं. त्यातून सुटका मिळत नाही, शिक्षाही मिळत नाही. तू अशा वाक्यासोबत साडेचार वर्षं कशी काढलीस, बाय?

शेवटचे तीन रविवार मी ठरवून आले होते, सांगायचं म्हणून. तिसऱ्या रविवारी दुपारी तू पडवीत बसली होतीस, नाकाला नळी, बाजूला ते प्राणवायूचं यंत्र. त्याचा आवाज तुला आवडायचा नाही. म्हणायचीस, बंद पडलेल्या होडीचं इंजिन कोणीतरी पुन्हा पुन्हा सुरू करतंय. मी पेपर घेऊन आले होते. तू तो उघडलास, म्हणजे तळहातांनी उलटा केलास, निधनवार्तांवर नजर फिरवलीस.

"अजून माझा नाव येवक नाय मा?"

"गप ऱ्हव."

थोड्या वेळाने म्हणालीस, "तू काय तरी सांगाक येतंस आणि सांगल्याशिवाय जातंस. तीन आयतवार बघतंय मी."

मी म्हटलं, "काय नाय गो."

"बरा. मगे सांग. आदी जेव, सायलीन बांगडे तळल्यान हत."

मी जेवले. चवथ्या रविवारी तू नव्हतीस.

बाराव्याला सगळे गेल्यावर सायलीने तो लॅमिनेट केलेला तुकडा माझ्यापुढे आणून ठेवला. कडा पिवळ्या झाल्यात, एका कोपऱ्यात पाकाचा डाग आहे. मला वाटलं, तिला सगळं कळलंय आणि आता ती विचारेल. ती म्हणाली, "मावशी, हा तुझ्याकडेच ऱ्हवांदे. आई प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवायची."

"बातमी?"

"नाय गो. वर बोट लावायची, ही माझी धाकटी भैण. मग खाली, ही मी. आणि म्हणायची, बघा, दोगी भैणी एकाच पानार."

सहा वर्षं मी तो तुकडा माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून पाहत होते. त्याला पाहून नजर वळवत होते. तुझ्यासाठी तो आपला एकत्र असलेला एकमेव फोटो होता. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, याचा मी गेले काही दिवस विचार करते आहे. मला वाटतं, आधी रागावली असतीस. मग म्हणाली असतीस की जाहिरात उद्या टाकली असतीस तरी चाललं असतं गो, आणि मग मला जेवायला वाढलं असतंस. हा माझा अंदाज आहे. त्याला दुजोरा देणारं आता कोणी नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, बाय: व्हय. त्या तापानच डिवचल्यान. मी ते सिद्ध करू शकत नाही, आणि बातमीत असं लिहिलं असतं तर मीच ते खोडलं असतं. पण तू बांद्याला चहा पिताना मला बातमी मागितली नव्हतीस.

आमच्या पेपरात चूक झाली की दुरुस्ती छापतात. तिचाही साचा आहे, 'अनवधानाने राहून गेले' असा. तो मला वापरता येत नाही, कारण अनवधानाने काही राहिलं नव्हतं. मी वाचलं होतं. जुन्या वह्या मी टाकत नाही. त्या दिवसाची वही काल काढली. ओरोसच्या डॉक्टरांनी 'हे पण लिहा' म्हणून सांगितलेली तीन वाक्यं तिच्यात आहेत, तिसरंही. ते मी त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा वाचलं. ती तिन्ही खाली देते आहे. ती तळाला आहेत, म्हणून हे छापायला देताना महेशला सांगितलं आहे की जागा कमी पडली तर वरून काप, माझं काहीही काप, हे ठेव.

'मात्र ताप उतरून दोन महिने झाल्यावरही सांधे सुजलेले असतील, सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर ते तापाचे उरलेले दुखणे समजून घरी बसू नये, रक्त तपासून घ्यावे. काही जणांत विषाणू निघून गेल्यावरही शरीराची संरक्षणव्यवस्था शांत होत नाही आणि स्वतःच्याच सांध्यांवर उलटते; असे का होते हे अजून पूर्ण कळलेले नाही, पण वेळेत ओळखले तर बरेच आवरता येते. यात रुग्णाची स्वतःची काहीही चूक नसते, हे त्याला कोणीतरी आवर्जून सांगायला हवे.'